फळीच्या पोटातले आकडे

थोरलीच्या गिटारचं वजन सहा किलो दोनशे ग्रॅम होतं, आणि कुणी विचारायच्या आत ती ते सांगून मोकळी व्हायची. आया पोरांचे मार्क सांगतात त्या थाटात. दुकानातली बरी इलेक्ट्रिक गिटार साडेतीन-चार किलोंची असते. पाच किलोंची असली तर विकणारा आवाज खाली आणून सांगतो. सहा किलो दोनशे म्हणजे दाराची झडपच. ती स्टँडवर ठेवली की स्टँड आधी कण्हायचा आणि मग उभा राहायचा. साधे पट्टे तिने महिन्याला एक या हिशेबाने तोडले. शेवटी भंगारात काढलेल्या ट्रकचा सीटबेल्ट आणून लावला, तो मात्र टिकला. त्याला अपघातांची सवय होती.

ही गिटार तिच्या बाबांनी केली होती. बाबा मालधक्क्यावर खोकी ठोकणारे सुतार. सोळाव्या वर्षी पोरीने गिटारचा हट्ट धरला तेव्हा त्यांनी गिटार फक्त कॅलेंडरवर पाहिलेली होती, आणि फोटोत जाडी दिसत नाही. त्यांनी मालधक्क्याच्या फलाटाची काढून टाकलेली एक फळी घरी आणली. चाळीस वर्षं तिच्यावरून लोखंडी हातगाड्या गेल्या होत्या आणि तिला नुसते चार ओरखडे उठले होते. त्या फळीतून गिटार कोरताना तीन करवती बोथट झाल्या आणि खालच्या मजल्यावरच्यांशी कायमचा अबोला झाला. गिटारचं नावच मग 'फळी' पडलं.

गिटारच्या पाठीला वायरींसाठी एक खण असतो आणि त्यावर झाकण. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांनी सुताराच्या लाल पेन्सिलीने लिहिलं, 'सहा किलो दोनशे'. मग थोरलीला आणि तिच्या धाकट्या भावाला समोर बसवून म्हणाले, "वस्तू हातात आली की तोलायची, हातातून गेली की तोलायची, आणि आकडा तिच्या अंगावर लिहायचा. खोटा आकडा लिहिला की हमालाची पाठ मोडते." एवढं एकच शिक्षण त्यांनी पोरांना स्वतःच्या हाताने दिलं. बाकीचं शाळेवर सोडलं.

धाकटा पुढे गिटारी करू आणि दुरुस्त करू लागला. त्याच्या वर्कशॉपात आढ्याला एक ताणकाटा टांगलेला असे. आलेली प्रत्येक गिटार त्याच्या आकड्याला लटकवायची, वजन बघायचं, काम झालं की पुन्हा लटकवायचं आणि नवा आकडा तारखेसकट झाकणाच्या आत लिहायचा. बहीणभावांत कामाची वाटणी कधी बोलून झाली नव्हती, पण पक्की होती. ती वाजवणार, तो उघडणार. बेचाळीस वर्षांत थोरलीने फळीचं झाकण स्वतः कधी उघडलं नव्हतं.

वाजवायची मात्र अशी, की ऐकणाऱ्याने खुर्ची धरून बसावं. आणि वर तिचा सिद्धांत होता: वजन म्हणजे सूर. हलकी गिटार घेऊन शिकायला आलेल्यांना ती पहिल्या दिवशी परत पाठवायची. "ही काय, पंखा आणलाय का वारा घ्यायला? सूर धरायला अंगात काहीतरी लागतं की नाही?" फळीवर एक सूर लावला की बँडातले मास्तर बाहेर जाऊन चहा पिऊन, कप विसळून परत यायचे, सूर तिथेच. मास्तर बास गिटार वाजवायचे आणि गणित शिकवून निवृत्त झालेले होते, त्यामुळे ते खोटं बोलतील असं कुणाला वाटत नसे.

किंमत खांद्याने मोजली. डाव्या खांद्यावर पट्ट्याची अशी खोबण पडली होती की हाडांच्या डॉक्टरने तीत आपलं पेन आडवं ठेवून दाखवलं, आणि ते पडलं नाही. "बाई, ही गिटार बंद," डॉक्टर म्हणाला. "तुमचा दवाखाना बंद," थोरली म्हणाली आणि उठली. घरी येऊन तिने पाण्याच्या बाटल्या हातात धरून रोज सकाळी व्यायाम सुरू केला. ही अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि खांदा सुधारला की हो! आधी कळ कमी झाली, मग झोप लागायला लागली, मग तीन तास उभं राहून वाजवलं तरी काही नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी! थोरली मुद्दाम डॉक्टरकडे गेली, बाहेर बसलेल्या सात पेशंटांदेखत दोन्ही हात वर करून दाखवले आणि त्याला म्हणाली, "लिहून घ्या. औषध: पाण्याची बाटली."

गेले आठ महिने तेवढं डावं मनगट दुखत होतं. त्याला ती पट्टा बांधायची. नवरा म्हणायचा, "वय गं." धाकटा म्हणायचा, "वय, ताई." तिलाही वाटायचं, असेल. सगळंच कसं जिंकणार?

गुरुवारी दुपारी शिलाईच्या बंद पडलेल्या दुकानात बँडची तालीम चालली होती. शनिवारी मालधक्क्याच्या जुन्या कामगारांचा मेळावा होता आणि तिथे वाजवायचं होतं. फळीतून मध्येच खर्रर्र आवाज यायला लागला. आतली एखादी वायर सुटली असणार.

"राहू दे," थोरलीचा नवरा ड्रममागून म्हणाला. त्याला सगळे ठोक्या म्हणायचे; ड्रम वाजवायचा म्हणून, आणि घरात काहीही बिघडलं की आधी ठोकून बघायचा म्हणून. "धाकटा उद्या बघेल."

"दोन स्क्रूंचं तर झाकण आहे."

"नको गं. त्याला आवडत नाही कुणी उघडलेलं."

"गिटार माझी आहे की त्याची?"

"तसं नाही, पण..." ठोक्या उठला. आणि ड्रमवाला तालमीत मधेच उठतो तेव्हा एक तर आग लागलेली असते नाही तर लागणार असते. थोरलीने त्याच्याच पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढला, फळी पालथी घातली आणि झाकण उघडलं.

वायर सुटली होतीच. झाकणाच्या आत बाबांचं लाल अक्षर होतं, 'सहा किलो दोनशे'. ते बघून तिला जरा हसूही आलं. त्याच्याखाली बरीच वर्षं तोच आकडा, धाकट्याच्या बारीक अक्षरात, तारखांसह. मग अडीच वर्षांपूर्वीची एक तारीख, डॉक्टरनंतरच्या महिन्यातली, आणि पुढे: 'पाच किलो नऊशे'. चार महिन्यांनी: 'पाच किलो सहाशे'. मग पाच तीनशे. पाच. चार सातशे. आणि शेवटचा, आठ महिन्यांपूर्वीचा: 'चार किलो चारशे'.

थोरलीने ते तीनदा वाचलं. मग खणात बोट घातलं. जिथे लाकूड असायला हवं तिथे बोट आत गेलं. मधलं बोट गेलं, अंगठा गेला. बाबांच्या फळीला आतून पोखरून गुहा केली होती, आणि वरून लाकडाचाच पातळ पापुद्रा इतका बेमालूम लावला होता, की अडीच वर्षं तिच्या पोटाला टेकून ती गुहा वाजत होती आणि तिला पत्ता नव्हता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. थोरलीच्या बाबतीत ती वाटेत कुठे थांबली नाही. मास्तरांनी तिच्या मानेवरची शीर बघितली, बास गिटार भिंतीला टेकवली आणि "मला दूध आणायचंय" म्हणून दुपारी तीन वाजता बाहेर पडले.

"आपल्याला हे माहीत होतं?" थोरलीने विचारलं.

ठोक्याच्या हातातली काठी गळून पडली. रागावली की ती त्याला 'अरे' म्हणायची. जास्त रागावली तर शिवी द्यायची, आणि ती त्याला गोड वाटायची. 'आपण' तिने आजवर एकदाच वापरलं होतं, तो पाहुण्यांना "हिला जरा वाजवायचा छंद आहे" असं म्हणाला तेव्हा. त्या वेळी 'आपण' महिनाभर चाललं आणि ठोक्याचं सहा किलो वजन उतरलं होतं.

"तुझा खांदा गं," तो म्हणाला. "तू झोपेत रडायचीस."

"मी रडत नव्हते. डॉक्टरला शिव्या देत होते."

"मला बघवत नव्हतं."

"मग आपण डोळे मिटायचे होते. माझी गिटार कशाला फोडली?"

"फोडली नाही, तारा बदलायला दिली की धाकटा थोडं थोडं..."

"थोडं थोडं," थोरली म्हणाली. "उंदीर खातो तसं." आणि मग तिच्या डोक्यात वीज चमकली. गेल्या महिन्यात ठोक्याला ताप होता म्हणून गिटारची पेटी तिनेच उचलून आणली होती. पेटी तर नेहमीसारखीच जड होती! ती पेटीपाशी गेली. तळाचं मखमली अस्तर एका कडेला नव्या दोऱ्याने शिवलेलं होतं. तिने ते टराटर उसवलं. आतून लोखंडाच्या सहा चपट्या पट्ट्या निघाल्या, आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक एकेका मोज्यात घातलेली. मोजे ठोक्याचे. दोन वर्षं ती धोबीघाट उलथापालथा करून त्याचे हरवलेले मोजे शोधत होती.

"तीनशे-तीनशेच्या आहेत," ठोक्या पुटपुटला. "तोलून आणल्या. तिकडे तीनशे निघाले की इकडे तीनशे. तुला संशय यायला नको म्हणून."

गाढवपणातसुद्धा घराण्याची शिस्त पाळली होती! थोरलीला वाटलं, या माणसाच्या डोक्यात त्याचाच ड्रम घालावा. पण त्याहून वाईट गोष्टी तिला आठवायला लागल्या होत्या, एकेक करून. पाण्याच्या बाटल्या. सात पेशंट. परत पाठवलेली पोरं, पंखे म्हणून हिणवलेल्या त्यांच्या गिटारी, ज्यांतल्या निम्म्या आता तिच्या फळीहून जड निघाल्या असत्या. खांदा तिने जिंकला नव्हताच. तिला जिंकू दिलं होतं, लहान पोराला पत्त्यांत जिंकू देतात तसं. आणि जिंकल्यावर ती नाचत होती तेव्हा हे दोघे एकमेकांकडे बघत असतील. हसतसुद्धा असतील.

तिने पट्ट्या मोज्यांसकट पिशवीत कोंबल्या, फळी गळ्यात घातली आणि तशीच रस्त्याने निघाली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाट दिली. सायकलवाले उतरून चालायला लागले.

धाकटा वर्कशॉपात एका गिटारच्या मानेवर रंधा फिरवत होता. दारात बहीण, तिच्या हातात उघडं झाकण, हे बघितल्यावर त्याचा रंधा जिथे होता तिथेच थांबला.

"ताई, बस. पाणी घे."

"पाणी ठेव तुझ्यापाशी. बाबांच्या फळीत गिरमीट घातलंस?"

"हे बघ, आधी ऐकून घे..."

"घातलंस की नाही?"

"घातलं," धाकटा म्हणाला. मग त्यालाही जरा चेव आला. तोही त्याच बाबांचा. "घातलं, आणि तुझा खांदा वाचला. नाहीतर आज हात वर झाला नसता तुझा. आणि सुराला काय झालं, सांग ना! तिसऱ्यांदा काढलं त्या वेळी काय म्हणालीस? 'धाकट्या, आता लाकूड मुरलं रे, आता कुठे गायला लागली.' म्हणालीस की नाही?"

ती म्हणाली होती. नेमकी इथेच, याच बाकावर बसून, डोळे मिटून म्हणाली होती. खोटं ऐकून माणूस चिडतो, पण आपलंच खरं बोलणं तोंडावर आलं की जे होतं त्याला चिडणं हा शब्द पुरत नाही. थोरलीने हात उचलला. मनगटातून अशी कळ आली की तो तिने तसाच खाली घेतला.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाही! 'नाही' हे उत्तर असतं, धाकट्या. ते ऐकायचं असतं. ते येणार म्हणून प्रश्नच गिळायचा नसतो."

धाकट्याने रंधा बाकावर ठेवला.

"आणि आकडे कशाला लिहिलेस? चोर कधी चोरी केलेल्या घरात स्वतःच्या सहीने यादी ठेवून जातो का?"

"खोटा आकडा कसा लिहिणार?" धाकटा अगदी कळवळून म्हणाला. "तोलल्यावर खराच लिहायचा ना. हात वळेना माझा."

"लाकडाशी खरं आणि बहिणीशी खोटं! वा रे शिष्य!" तिने पिशवी बाकावर उपडी केली. सहा मोजे धाडधाड पडले. "या पट्ट्या फळीला लावायच्या. उद्या दुपारपर्यंत. शनिवारी मी सहा किलो दोनशेच वाजवणार."

"ताई, लोखंडाने सूर येत नाही गं."

"सूर मी बघते. तू वजन बघ. तेवढं येतं तुला."

"कुठे लावू?"

"जिथून काढलंस तिथे."

त्याने काढलं होतं मागच्या टोकातून. पुढे तारांखाली चुंबकं असतात, तिथे हात घालायला जागा नसते. म्हणून शुक्रवारी फळीच्या पाठीला, शेपटाच्या बाजूला, सहा पट्ट्या दोन ओळींत स्क्रूने बसल्या. धाकट्याने सवयीने ती ताणकाट्याला लटकवली. सहा किलो दोनशे. झाकणाच्या आत आकडा लिहायला पेन्सिल उचलली, तर थोरलीने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "हा मी लिहीन. वाजवल्यावर."

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी घरात फक्त 'आपण चहा घेणार का?' आणि 'आपला मोजा' एवढंच बोलणं झालं.

शनिवारी चारला मेळावा सुरू झाला. जुन्या गोदामात खुर्च्या मांडल्या होत्या आणि खुर्च्यांवर आयुष्यभर ओझी वाहिलेली माणसं बसली होती. मानेत वाकलेली, गुडघ्यात फाकलेली, पण आवाज एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाणारे. फळी कुठून आली हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक होतं. थोरली स्टेजवर आली तशी त्यांनी ताल धरला, "फळी! फळी! फळी!" धाकटा पहिल्या रांगेत, अंग चोरून बसला होता. ठोक्या ड्रममागे असा बसला होता, की झांजेआड मावता आलं असतं तर मावला असता.

पहिलं गाणं रागाने वाजलं. राग ही चांगली गोष्ट आहे, तो चार किलो तरी उचलतो. दुसऱ्या गाण्यात राग तेवढाच होता, खांदा मात्र पेटला. जुनी खोबण पट्ट्याने बरोबर ओळखली आणि तीत जाऊन बसला. तिसऱ्या गाण्याला डाव्या हाताची करंगळी बधिर झाली आणि एक सूर सुटला. तिथे सगळ्यांनी मिळून गायची ओळ होती, म्हणून तो सुटलेला सर्वांनी ऐकला. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला. म्हणजे डॉक्टर खरा, धाकटा खरा, आपले मोजेवालेही खरे. खोटी काय ती आपण एकटी?

तिने गाणं संपवलं, फळी उतरवली, टेबलावर पालथी घातली आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"मी काढू का?" ठोक्या अर्धवट उठून कुजबुजला.

"आपण बसावं."

माइक चालूच होता. 'आपण बसावं' गोदामभर घुमलं आणि उभे होते तेवढे सगळे बसले.

दोन पट्ट्या तिने काढल्या आणि ठोक्याच्या मोठ्या ड्रमवर टाकल्या. धम्म, धम्म. पुढचं गाणं वाजवलं. खांदा अजून जळत होता. आणखी दोन. धम्म, धम्म. आता म्हाताऱ्यांना खेळ कळला. ओझं कमी होताना बघणं यासारखी त्यांच्या लेखी दुसरी करमणूक नव्हती. "अजून एक काढ!" "राहू दे, पुरे!" "तू गप, तुला शेवटपर्यंत गोण मोजता आली नाही!" पाचवं गाणं सुरेख गेलं. खांदा सोसत होता, करंगळी परत आली होती. पण थोरली आता पेटली होती. बघूच, या दोघांनी मला काय दिलं होतं ते, असं म्हणून तिने शेवटच्या दोन पट्ट्याही काढल्या. चार किलो चारशे. तीच गिटार, जी आठ महिने तिच्या गळ्यात होती.

खांद्यावर पाखरू बसावं तशी ती बसली. आणि तिने हात सोडला त्या क्षणी फळीची मान हळूच खाली झुकली. थोरलीने सवयीने डाव्या हाताने ती उचलून धरली. वाजवायला लागली. दहाव्या सुराला मनगटातून कळ आली.

ती मध्येच थांबली. बँडही थांबला. ती मनगटाकडे बघत राहिली. आजची पाच गाणी, पट्ट्या होत्या तोवर, हे मनगट एकदाही बोललं नव्हतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा हमाल खुर्चीतूनच ओरडला, "अहो ताई, मागचा माल उतरवल्यावर गाडी पुढे लोंबणारच की! दांडी धरणाऱ्याच्या हातावर येतं सगळं. कुणी भरली ही?"

कुणी भरली ते थोरलीला माहीत होतं. पहिल्या रांगेत बसला होता.

"धाकट्या," ती माइकवर म्हणाली, "वर ये."

"ताई, इथे नको. घरी बोलू."

"घरीच बोलायला हवं होतं, अडीच वर्षांपूर्वी. वर ये."

तो वर आला. थोरलीने फळी त्याच्या गळ्यात घातली. "हात सोड." त्याने सोडले. मान खाली गेली. "आता डाव्या हाताने धर. तसाच धरून राहा, गाणं संपेपर्यंत." आणि तिने मास्तरांना खूण केली. मास्तर आणि ठोक्याने ते गाणं गिटारशिवाय, सगळी कडवी, परत परत वाजवत पूर्ण केलं. म्हातारे गायले. धाकटा मधोमध फळीची मान धरून उभा. चौथ्या कडव्याला त्याचं मनगट थरथरायला लागलं, पाचव्याला त्याच्या कपाळावर घाम आला आणि सहाव्याला त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायलाच थोरली दोन दिवस जागी होती.

"वय का रे?" तिने विचारलं.

"ताई..."

"तू ती आकड्याला टांगतोस. आकड्याला खांदा नसतो, मनगट नसतं, म्हणून तो 'दुखतं' असं म्हणत नाही. मी म्हणते. आठ महिने म्हणतेय. आणि तुम्ही दोघं मला माझं वय सांगत होतात!"

धाकट्याने नुसती मान हलवली. थोरलीने त्याच्या गळ्यातली फळी काढली, दोन पट्ट्या उचलल्या आणि शेपटाला पुन्हा कसल्या. गळ्यात घालून हात सोडले. मान जागच्या जागी राहिली. खांद्याने तक्रार केली, पण माणसासारखी, बसून बोलण्यासारखी. पाच किलो. तिने झाकण उघडलं आणि सगळ्यांदेखत, बाबांच्यासारख्याच जाड लाल पेन्सिलीने, खाली लिहिलं, 'पाच किलो'. पुढे स्वतःची सही केली. नंतर दोन तास वाजवलं. म्हातारे सांगतात, शेवटचा सूर तिने सोडला आणि सगळे घरी जाऊन जेवले तरी तो गोदामात होता. ते म्हातारे मास्तरांइतके विश्वासू नाहीत, पण मास्तरांनी नाही म्हटलेलं नाही.

सामान आवरताना धाकटा जवळ आला. "झालं ना आता? चुकलो, ताई. सोड."

थोरलीने उरलेल्या चार पट्ट्या उचलल्या. तो वर्कशॉपातून तसाच आला होता, आणि अंगावरच्या कामाच्या ॲप्रनला छातीवर मोठा खिसा होता. त्या तिने एकेक करून त्यात सोडल्या. ॲप्रनचा पट्टा त्याच्या मानेत रुतला.

"एक किलो दोनशे," ती म्हणाली. "तोलून बघ हवं तर. वर्कशॉपात असशील तोवर हे अंगावर राहील."

"किती दिवस?"

"अडीच वर्षं. मला न विचारता घेतलीस तेवढी. आणि चार-चार महिन्यांनी मी येईन, तेव्हा तुझी मान कशी आहे ते मी सांगेन. तू सांगायचं नाही."

धाकट्याने बहिणीच्या मानेवरची शीर बघितली आणि ॲप्रनचा पट्टा सरळ करून घेतला. अजूनही त्याच्या वर्कशॉपात गिऱ्हाईक येऊन "हलकी गिटार आहे का?" असं विचारतं, तेव्हा तो आधी मान चोळतो आणि मग म्हणतो, "गळ्यात घाला. हात सोडा. काय होतंय ते तुम्ही मला सांगा." ताणकाटा तो नंतर बघतो.

ठोक्या पेटी घेऊन दाराशी उभा होता. अस्तर उसवलेलं, पट्ट्या गेलेल्या, आता ती हलकी लागत होती. त्याने भीत भीत विचारलं, "आणि मला काय?"

थोरलीने फळी पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि पुढे चालायला लागली.

"आपल्याला?" ती वळून न बघता म्हणाली. "आपण यावं."